बांधाच्या आतलं कांदळ

“उपटलं तरी पुन्हा उगवतं! हे खाडीतलं कांदळ माझ्या शेतात आलंच कसं, बाबा?”

विश्रामने मुठीतली रोपं केवलनाथबाबांसमोर आपटली. बाबा मठाच्या पायरीवर बसले होते. समोर विश्राम कसत असलेलं मठाचं भातशेत, त्यापुढे बांध आणि बांधापलीकडे खाडी.

बांध विश्रामने स्वतःच्या हाताने घातला होता. अकरा वर्षं त्याने खारं पाणी आत येऊ दिलं नव्हतं, आणि हे तो मठात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवी. खरं सांगायचं तर गर्व अगदीच फुकटचा नव्हता.

“बांधाच्या आत कांदळ तुम्ही तरी कधी पाहिलं होतंत?”

“नाही. समुद्र इतका तापून फुगलेलाही पाहिला नव्हता. आता उधाण बांधावरून आत येतं.” बाबांनी एक रोप उचललं. “उपटलेली रोपं कुठे टाकतोस?”

“खाडीत.”

“आणि पुढच्या उधाणाला?”

“पुन्हा आत...” विश्रामने जीभ चावली.

बाबांना हसू आवरेना. विश्रामचे कान लाल झाले.

“हसा! भात करपलं, बांधाला खांड पडली, विहीर खारट झाली. दर्या जिंकला, बाबा! गाव वर डोंगरावरच्या सड्यावर चाललंय. ही बघा, मीही वळकटी बांधून काखेत घेतली आहे. तुम्हीही उठा.”

“मी नाही हलणार.”

“बुडाल!”

“बघू.”

बाबा उठले ते दोन रोपं घेऊन थेट शेतात उतरले. बांध फुटला होता तिथे चिखलात गुडघे टेकले आणि हातातलं एक रोप कोपरापर्यंत हात घालून रोवलं. मग दुसरं. भरतीचं पाणी त्यांच्या मांड्यांना लागत होतं.

उरलेली रोपं मुठीत घेऊन विश्राम मागोमाग काठावर आला आणि ओरडला, “माझी दगडमाती तिथे टिकली नाही, बाबा! या काड्या टिकणार?”

बाबांनी शेतातलं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडाला लावलं. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. पण घोट थुंकला नाही, गिळला.

विश्राम बघत राहिला... काखेतली वळकटी आता त्याला जड वाटू लागली होती.

बाबांनी तिसऱ्या रोपासाठी त्याच्याकडे हात पुढे केला.

“हे खारं पाणी पिऊन उभं राहणारं कांदळ आज आपणहून आलंय. आणि तू निघालास?”