आकडा उतरतो तेव्हा

"...मग जाड घेऊ की बारीक? तेवढं सांगा महाराज, बाकीचं माझं मी पाहून घेतो."

पद्माकर वाठोडकरांनी पिशवीतून तापमान मोजायचे दोन प्रोब काढून ओट्यावर ठेवले. एक पेन्सिलीएवढा जाड, दुसरा विणायच्या सुईसारखा. शेजारी तापमान नोंदवून ठेवणारे दोन लॉगर, वायरींचं भेंडोळं आणि लॅपटॉप. मठाच्या त्या ओट्यावर सत्यनारायणालासुद्धा इतकी मांडामांड कधी झाली नसेल.

गिरीबाबा शेगडीत कोळसे घालत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

चिखलदऱ्याच्या वरच्या अंगाला बाबांचा लहानसा मठ. मागे कॉफीची झुडपं. पूर्वाश्रमी बाबा एका वीजकेंद्रात बॉयलरच्या तापमानाची यंत्रं सांभाळायचे. नोकरी सुटली, संसार सुटला, आच मात्र सुटली नाही. झुडपांची कॉफी ते हाताने फिरवायच्या ड्रममध्ये स्वतः भाजत आणि येईल त्याला पाजत.

ही कीर्ती ऐकून वाठोडकर अकोल्याहून आले होते. पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंते. ज्याला माप नाही ते नाहीच, हा त्यांचा सिद्धांत. आणि कोणी विचारलं नाही तरी ते तो सांगत.

"काय भाजतोस?" बाबांनी विचारलं.

"कॉफीच. घरी, गॅसवर. लहान ड्रम आहे."

"कोणासाठी?"

या प्रश्नाची वाठोडकरांनी तयारी केली नव्हती.

"मुलगी येतेय रविवारी. ऋजुता."

"राहायले?"

"नाही... सामान न्यायला."

बाबांनी कोळशांवर फुंकर घातली. राख उडाली, ती वाठोडकरांच्या लॅपटॉपवर बसली. त्यांनी ती रुमालाने पुसली.

"तिच्या हातची एक भाजणी होती महाराज. शेवटची. तशी कॉफी मी आयुष्यात प्यालो नाही. रविवारी मला हुबेहूब तीच तिच्यापुढे ठेवायची आहे. त्या दिवशीचा ग्राफ आहे माझ्याकडे, पण तो विश्वासाचा नाही. प्रोब हलका होता, लॉगर मध्येच गचके खात होता. म्हणून म्हटलं, या खेपेला यंत्रच असं घ्यावं की चूक होणार नाही."

"काहून गेली ती?"

"नवऱ्याला सोडून आली होती. आली तीच गार. बोलणं नाही, हसणं नाही. मी म्हटलं, होईल हळूहळू ठीक. पण दिवसेंदिवस गारच होत गेली."

"आन् तू?"

"मी?"

"तू कसा होतास तवा?"

वाठोडकरांनी रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, "चिडलो होतो. कोण बाप चिडणार नाही? नातेवाईक काय म्हणतील, हे होतंच... पण घरात घेतलं की मी तिला."

बाबांनी ड्रम शेगडीवर चढवला.

"तुझा तो जाड प्रोब दे."

वाठोडकरांना मनातून बरं वाटलं. चला, महाराज मुद्द्यावर आले. ड्रमला मागच्या बाजूने भोक होतंच. त्यातून त्यांनी प्रोब आत सरकवला, लॉगरला जोडला, लॅपटॉप उघडला.

"टोक दाण्यांत बुडलं पाहिजे," बाबा म्हणाले. "वर राहिलं तर नुसती हवा मोजशील."

"ते माहीत आहे."

"तुले पुष्कळ माहीत हाय."

ड्रम तापला. पडद्यावरचा आकडा चढत चढत दोनशेला पोचला. बाबांनी टोपल्यातून हिरव्या बियांची ओंजळ घेतली, त्यातली एक वाठोडकरांच्या तळहातावर ठेवली.

"कशी लागते?"

"गार."

बाबांनी बिया ड्रममध्ये ओतल्या आणि दांडा फिरवायला घेतला. आकडा धडाधड खाली येऊ लागला. दोनशे, एकशेऐंशी, एकशेपन्नास...

"पाहा," वाठोडकर उत्साहाने पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. "दाणे आत पडले की आधी थंड होतात. मग एका ठिकाणी थांबतात आणि तिथून तापू लागतात. याला टर्निंग पॉइंट म्हणतात महाराज. सगळी भाजणी तिथून मोजायची."

"आता गार होऊन राह्यले?"

"होतायत ना. आकडा उतरतोय की."

बाबांनी लांब दांड्याच्या चमच्याने ड्रममधून एक दाणा उचलला आणि तो वाठोडकरांच्या त्याच तळहातावर, पहिल्या दाण्याशेजारी ठेवला.

वाठोडकरांनी पटकन हात झटकला. दोन्ही दाणे खाली पडले. मग ड्रममधला त्यांनी वाकून उचलला आणि बोटांत धरून पाहिला. गरम होता.

पडद्यावर आकडा अजून उतरतच होता.

 ड्रमचा खडखडाट तेवढा चालू होता.

"म्हणजे दाणा... आत पडल्यापासून तापतोच आहे."

"हो."

"मग गार कोण होतंय?"

बाबांनी दांडा फिरवता फिरवता ड्रमच्या मागच्या बाजूकडे मान हलवली. तिथून प्रोबची वायर बाहेर आली होती.

"तो आधीच तापून बसला होता," बाबा म्हणाले. "दाण्याच्या आधीपासून."

वाठोडकर ओट्यावर बसले. 

अभियंता माणूस. एवढी साधी गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही, असं आधी वाटलं. मग त्यांना ऋजुता आठवली आणि मापाचा विचार कुठल्या कुठे गेला.

आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तिने बाल्कनीतली वाळलेली तुळस बदलली होती. त्यांना चष्मा सापडत नसला की न विचारता आणून द्यायची. कॉफी भाजायची टूमही तिचीच. कुठून तरी ड्रम मागवला आणि म्हणाली, "बाबा, संध्याकाळी आपण दोघं मिळून भाजत जाऊ." गार झालेली मुलगी असं म्हणते का? पण त्यांना तेव्हा ते दिसलं नाही. त्यांना दिसला तो ड्रम, आणि ड्रमला तापमापक नाही ही उणीव. मग प्रोब आला, लॉगर आला. ती शेगडीपाशी आणि हे पडद्यापाशी, असे ते बसू लागले. ती म्हणायची, "वास आला बाबा, काढू या." हे म्हणायचे, "ग्राफ अजून नाही म्हणतो."

"महाराज," वाठोडकर म्हणाले. "त्या शेवटच्या दिवशी..."

बाबा दांडा फिरवत राहिले.

"दाणे तडतडायची वेळ आली होती. त्याला फर्स्ट क्रॅक म्हणतात, तिथे नजर हलवून चालत नाही. मी पडद्याला डोळे लावून बसलो होतो. ती शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, बाबा, मला तुमच्याशी थोडं बोलायचंय. त्या घरात काय काय झालं, ते कोणालाच सांगितलं नाही मी."

"मंग?"

"मी म्हटलं... थांब, फर्स्ट क्रॅक येतोय."

ड्रमचा खडखडाट ऐकू येत राहिला.

"थांबली?"

"थांबली की. गुणी पोर आहे. कॉफी भाजून होईपर्यंत उभी होती. मग तिनेच ती पाखडली, गाळली, कपात ओतून दिली. अप्रतिम झाली होती. मी तीनदा म्हटलं, अप्रतिम. ती काय बोलणार होती, ते विचारायचं राहून गेलं. पुढल्या महिन्यात तिने बंगळूरची नोकरी धरली. आता फोनवर ठीक आहे, जेवले, ठेवते. एवढंच."

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. फार वाईट वाटत होतं, आणि ते लपवावं इतकंही बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

ड्रममध्ये दाणे तडतडू लागले. लाह्यांसारखा आवाज. वाठोडकरांची मान सवयीने पडद्याकडे वळली आणि अर्ध्यावरच थांबली. त्यांनी हात पुढे करून लॅपटॉप मिटला.

बाबांनी दाणे परातीत ओतले, सुपाने वारा घातला. साल उडून गेली. तपकिरी दाणे परातीत पसरले.

वाठोडकरांनी त्यातला एक उचलला. पायाशी मघाचा हिरवा पडला होता, तोही तळहातावर घेतला. दोन्हीकडे ते आळीपाळीने पाहत राहिले.

"हा परत हिरवा नाही व्हायचा, महाराज."

"नाही."

"काही केल्या?"

"काही केल्या नाही."

खोटं सांत्वन करणं बाबांच्या स्वभावात नव्हतं. वाठोडकरांना त्या क्षणी ते जरा असतं तर बरं, असं वाटून गेलं.

खाली दरीतून धुकं वर आलं. मठाच्या मागची झुडपं दिसेनाशी झाली. बाबांनी दोन पितळी पेले काढले, पाणी ठेवलं, खलबत्त्यात दाणे कुटले. दोघांनी कॉफी घेतली. चांगली होती की नव्हती, हे वाठोडकरांना नंतरही कधी आठवलं नाही.

जायला निघताना त्यांनी वायरी गोळा केल्या. दोन्ही प्रोब हातात घेतले. जाड प्रोब पिशवीत टाकला, बारीकही टाकला. पिशवीचं तोंड बांधलं. तरी पाय निघेना.

"महाराज, रविवारी मग मी भाजू कशाच्या आधाराने?"

"तू नको भाजू."

"मग?"

"तिले भाजू दे."

"ती सामान न्यायला येतेय हो. पुढची गाडी असेल तिची. ती कशाला भाजत बसेल?"

"ते तिले विचार."

"आणि मी काय करू?"

"बाजूले उभा राह्य."

वाठोडकरांनी मान हलवली. पायरी उतरले. मग पुन्हा वळले. शेवटी अभियंताच तो.

"पण महाराज, हाताची सवय मोडली असेल तिच्या. किती दिवसांत भाजली नसेल. घाईत असेल, मन थाऱ्यावर नसेल... कॉफी कच्ची राहिली तर? करपली तर?"

गिरीबाबा रिकामे पेले धुवत होते. हातातला पेला त्यांनी पालथा घातला, पाणी निथळू दिलं.

"कप पुढं करायचा," ते म्हणाले, "आन् म्हणायचं, अजून हाय का?"