कोष्टिणीचा पडदा

एका बाजारपेठेच्या गावात एक वैद्य राहत होता. त्याच्या हाताला गुण होता, पण आवाज दवंडी पिटणाऱ्याचा. चौकातल्या ओट्यावर बसून तो रोग्यांना रोगाच्याच नावाने हाका मारी. खरूजवाला पुढे ये, मूळव्याधवाला मागे थांब. ओट्याभोवती जमलेले रिकामटेकडे हसत. औषध चोख असले म्हणजे झाले, रोग्याला कसली आलीय लाज, असे वैद्याला वाटे.

एकदा गावातली एक कोष्टीण आली. बाळंतपणापासून तिला लघवी आवरत नसे. बिचारी कसेबसे वैद्याच्या कानाशी पुटपुटली, आणि वैद्याने तेच साऱ्या चौकाला ऐकू जाईल असे विचारले. लोक फिदीफिदी हसले. कोष्टीण औषध न घेताच उठली. त्यानंतर ती बाजारात दिसेना, नदीवर दिसेना. दार लावून मागावर बसे आणि दुखणे अंगावर काढी.

पुढे वय झाले आणि नेमके तेच दुखणे वैद्याला लागले. जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे. त्याचे औषध त्यालाच लागू पडेना, म्हणून तो लांबच्या गावी एका वैद्यबाईंकडे गेला. तिथेही ओटा, तिथेही गर्दी. आता आपल्याला काय म्हणून हाक मारतील, या धास्तीने तो गर्दीच्या मागेच उभा राहिला.

वैद्यबाई जागेवरून उठून त्याच्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "बाबा, आपलं नाव काय? इथंच बोलायचं, की आत बसू या?"

वैद्याचे डोळे भरून आले. आत त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि नाडी बघण्याआधी हात धरू का, असेही विचारले. औषधाचा गुण यायचा तेव्हा आला, पण वैद्याचे अर्धे ओझे तिथेच उतरले. या बाईंचे उपकार कसे फेडायचे, याचा विचार करत तो औषध घेऊन परतला आणि थेट कोष्टिणीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"वैद्यबुवा, मला औषध नको," ती आतूनच म्हणाली. "गाव पुन्हा हसेल."

"बाई, त्या दिवशी मी चुकलो," वैद्य हलक्या आवाजात म्हणाला. "तुमचं दुखणं आता मलाही आहे. तुम्ही सांगाल तेवढंच ऐकेन, आणि ते माझ्यापाशीच राहील."

बऱ्याच वेळाने दार उघडले.

बरी झाल्यावर कोष्टीण मान वर करून चौकात आली. तिच्या खांद्यावर तिनेच विणलेला जाड पडदा होता. तो तिने आपल्या हाताने ओट्यावर बांधला. आता काही दिसेना की ऐकू येईना, तसे रिकामटेकडे कंटाळून पांगले. मग ज्यांनी आपली दुखणी आजवर कुणालाच सांगितली नव्हती, अशी माणसे एकेक करून येऊ लागली. वैद्य प्रत्येकाला आधी नाव विचारी, आणि रोज सकाळी पडदा सोडताना मनोमन वैद्यबाईंना आणि कोष्टिणीला नमस्कार करी.

तात्पर्य: रोग्याचा मान राखला, तरच तो औषधापर्यंत येतो.