एवढ्या फुलातला ठिपका

"…पण एवढी एक शंका मनातून काढून टाकायला आपल्याला काय जड आहे, बुवा?"

वामनरावांनी नेमकं असंच विचारलं होतं का? आता त्यांनाच खात्री नाही. दुपार होती, नदीकाठचा मठ होता, आणि काशीनाथबुवांसमोर टीव्हीला जोडलेला तो जुना घरगुती संगणक होता, एवढं मात्र पक्कं.

वामनराव मंत्र मागायला आले होते. बुवा म्हणाले होते, "आधी या पडद्याचं अंगण सजवा, डॉक्टर. सुरू केला की भकास दिसतो मेला."

तत्त्वज्ञानाच्या डॉक्टरला हे काम! तरी ते बसले. त्या यंत्रात एक लहानशी चौकट ठिपक्यांनी भरायची असे. मग तीच नक्षी पडदाभर उमटे. त्यांनी एक फूल काढलं, मधोमध काळा ठिपका ठेवला. पडदाभर फुलं उमलली. संथ, जणू पाण्याखाली.

तेव्हा त्यांनी आपलं मागणं पुढे केलं होतं.

"वाचायचं ते सगळं वाचलं मी. पण जपाला बसलो की मनात येतं, हे खरं कशावरून?… तेवढं काढा. बाकीचा मी ठीक आहे."

बुवा पडद्याजवळ सरकले. कोपऱ्यातल्या एका फुलावर त्यांनी बोट टेकलं.

"हा ठिपका खुपतो हो. एवढ्या फुलातला काढा."

"एकाच फुलातला निघत नाही, बुवा. मूळ चौकट एकच. काढला तर सगळीकडचा जाईल."

"असं? डॉक्टर होऊनही?"

वामनराव हसले. बुवा हसले नाहीत.

"मग सगळीकडचा काढा."

वामनरावांनी काढला.

…

फुलांच्या जागी बुबुळं नसलेले असंख्य डोळे पडद्यावरून त्यांच्याकडे बघू लागले. बाहेर नदी वाहायची थांबल्यासारखी वाटली. त्यांचा हात आपोआप पुढे झाला. ठिपका परत आला. फुलं परत आली.

"का हो ठेवलात?"

"…बघवेना."

बुवा पुन्हा फुलांकडे वळले. जपाची माळ मांडीवर तशीच पडून होती.

शेवटी वामनराव उठले. उंबऱ्याशी थबकून त्यांनी हळूच विचारलं, "मग… मंत्राचं?"

बुवा काहीतरी बोलले. आपण ऐकलं ते खरं की मनाचे खेळ, हे वामनरावांना कळेना. तसेच ते दुसऱ्या दिवशी गेले, आणि पुढे जातच राहिले. बुवा तेव्हा काय म्हणाले, हे विचारायचा धीर मात्र झाला नाही.

बुवा गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी त्यांनी गोदाक्कांना गाठलं. मठाचा स्वयंपाक त्यांच्याकडे असे. त्या दुपारी त्या तिथेच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावली. हो, बुवा तसंच म्हणाले होते:

"उद्या ये. येताना शंका घरी विसरू नकोस."