उंबराच्या सालीवरचा प्रश्न

मुलांनो, एका डोंगराच्या कुशीत एक जंगल होते आणि त्या जंगलात एक हरिणी राहत असे. तिला एकच पाडस होते. राज्य सिंहाचे होते, पण मनाला येईल तसे करायला तो मोकळा नव्हता. तिथे सभा भरत असे. डोंगराच्या वरच्या अंगाला एक जुना उंबर होता. त्याच्या मुळांतून गोड पाण्याचा झरा निघे, आणि त्याच्या सावलीत दर पंधरवड्याला सकाळी सगळे जमत. सिंह आणि त्याचे मंत्री बुंध्याला टेकून बसत. त्यांच्या बाजूला गव्यांचा कळप बसे. समोर, जिथे सावली संपून ऊन सुरू होई, तिथे सिंहाच्या विरोधातले बसत. हरणांच्या कळपाने निवडून पाठवलेली आपली हरिणी तिथेच उन्हात बसे.

सभेचा एक रिवाज होता. जो प्रश्न विचारला जाई, तो सुतार पक्षी उंबराच्या सालीवर चोचीने कोरून ठेवी. ज्याला सभेला येता आले नाही, त्यालाही तो नंतर येऊन पाहता यावा, म्हणून. रिवाज चांगला होता, पण मागाहून त्याला एक शेपूट चिकटले. प्रश्न झोंबला की मंत्री म्हणे, "हे कामकाजातून काढून टाका." सभेचे अध्यक्ष होते एक म्हातारे कासव. ते मान डोलावी, आणि बिचाऱ्या सुतार पक्ष्याला तेवढी साल सोलून टाकावी लागे. अशी वर्षानुवर्षे सोलून सोलून उंबराच्या बुंध्यावर सालीची एक अरुंद पट्टी तेवढी राहिली होती.

वरच्या झऱ्याचे पाणी राजाने, मंत्र्यांनी आणि अध्यक्षांनीच प्यायचे. बाकीच्यांसाठी खाली दरीत पाणवठा होता. त्या वर्षी थंडी सरता सरता नदीतली एक मगर त्या पाणवठ्यात येऊन राहिली. आठ दिवसांत रानडुकराची दोन पिल्ले गेली, सांबराचे एक गेले. पाणवठ्याची राखण कोल्ह्याच्या भाच्यांकडे होती. त्यांनी ब्रही काढला नाही, कारण मगरीचे उष्टे त्यांच्या वाट्याला येत होते. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची? हरिणीला वाटले, सभेकडे.

हरणांची जात भित्री. ती उभी राहिली तेव्हा तिचे चारही पाय लटपटत होते. पण आवाज स्पष्ट होता.

"अध्यक्ष महाराज, खालच्या पाणवठ्यात मगर आहे, हे खरे आहे काय? असल्यास, तिला हाकलण्यासाठी सरकारने काय केले?"

पाणवठ्याचा मंत्री होता कोल्हा. तो शेपूट सावरत उठला. "हे खरे नाही. तो पाण्यात पडलेला ओंडका आहे. त्यामुळे पुढचा प्रश्न उद्भवत नाही."

गव्यांनी एकदम खूर आपटले. शाबासकी द्यायची ही त्यांची रीत. धाडधाड आवाजाने जमीन हादरली. खरे तर गवेही खालचेच पाणी पीत. पण ते अंगाने दांडगे, त्यांच्या वाटेला मगर जात नसे.

"ओंडका पिल्लं गिळतो का?" हरिणीने विचारले.

"काढून टाका," कोल्हा म्हणाला.

खोटे बोलणाऱ्या कोल्ह्यापेक्षा मला त्या कासवाचा जास्त राग येतो, मुलांनो. शंभर पावसाळे पाण्यात काढलेला जीव तो. मगर कोणती आणि ओंडका कोणता, हे त्याला कळत नव्हते असे कोण म्हणेल? पण त्याने मान डोलावली आणि लगेच कवचात ओढून घेतली. सुतार पक्षी खाली उतरून त्या कवचापाशी गेला. "अध्यक्ष महाराज, बुंध्याला आता थोडीच साल उरलीय. तीही गेली तर हे झाड जगायचं नाही."

"तू तुझं काम कर," आतून आवाज आला.

पुढच्या सभेपर्यंत हरिणीने पाडसाला एकटे सोडले नाही. पाणी प्यायला नेताना ती आधी स्वतः काठावर उभी राही, पाण्याकडे डोळे लावून, आणि पाडस दोन घोट घेई न घेई तोच त्याला मागे ढकली. एकदा तिला काठावरच्या चिखलात मगरीचा पडलेला दात सापडला. सभेच्या दिवशी तिने पाडसाला एका सांबरणीच्या हवाली केले आणि तो दात तोंडात धरून ती डोंगर चढली. दात तिने सगळ्यांसमोर ठेवला आणि तोच प्रश्न विचारला.

कोल्ह्याने दात पंजाने उलटापालटा करून पाहिला. "हा ओंडक्याचा ढलपा आहे," तो म्हणाला. "अध्यक्ष महाराज, सन्माननीय सदस्या आपल्या जंगलाची बदनामी करत आहेत. ही शेजारच्या जंगलातल्या वाघाची भाषा आहे. काढून टाका."

खूर आपटले गेले. साल सोलली गेली. सिंह या सगळ्यात काय करत होता म्हणाल, तर झऱ्याचे गार पाणी पीत होता.

हरिणी डोंगर उतरत होती, तेव्हाच खाली घात झाला. सांबरणीचा डोळा चुकवून तहानलेले पाडस एकटेच पाणवठ्याकडे गेले. मागून धावत येणाऱ्या सांबरणीने लांबूनच सगळे पाहिले आणि ऐकले. काठावर पाडस बिचकून थांबले होते. कोल्ह्याचा एक भाचा त्याला म्हणाला, "जा की रे बाळा, घाबरतोस काय. ओंडका आहे तो. सभेत सांगितलंय."

तिसऱ्या सभेला हरिणी येणार नाही, असे सगळ्यांना वाटले होते. ती आली. तिने ना आक्रोश केला, ना कोणाला शिव्या दिल्या. मला तर वाटते, द्यायला हव्या होत्या. तिने तोच प्रश्न विचारला, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. "अध्यक्ष महाराज, खालच्या पाणवठ्यात मगर आहे, हे खरे आहे काय? असल्यास, तिला हाकलण्यासाठी सरकारने काय केले?"

"सन्माननीय सदस्यांच्या दुःखात सरकार सहभागी आहे," कोल्हा म्हणाला. "परंतु हे खरे नाही. आणि हे काढून टाका."

सुतार पक्ष्याने कासवाकडे पाहिले. कवचाबाहेर मान नव्हती. त्याने उरलेली पट्टी सोलली. आता बुंध्याभोवती बोटभरही साल राहिली नाही. पांढरा चीक ओघळत खाली आला आणि कासवाच्या पाठीवर ठिबकत राहिला.

सालीवाचून झाड कसे जगेल? पावसाळा आला नि गेला, उंबर पालवला नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या काड्या झाल्या. सावली गेली तेव्हा सिंह आणि मंत्रीही हरिणीसारखेच उन्हात बसू लागले, पण हे का झाले, हे त्यांच्यातल्या एकानेही विचारले नाही. तोवर पाणवठ्यात आणखी नऊ पिल्ले गेली होती. हरिणी प्रत्येक सभेत उठून तोच प्रश्न विचारी. आता तो कोरायला जागाच नव्हती, त्यामुळे काढून टाकायची तसदीही कोणी घेत नसे. कोल्हा बसल्या बसल्याच म्हणे, "उद्भवत नाही."

वैशाखातल्या सभेत कोल्ह्याला आणखी चेव चढला. "एक ओंडका तो काय," तो म्हणाला, "आणि वर्षभर त्याच्यावर गळा काढायचा! या सदस्यांना दुसरा उद्योग नाही." गवे खूश झाले. आधी कधी आपटले नव्हते असे खूर त्यांनी आपटले. आणि उंबराच्या जिवंत मुळांनी इतकी वर्षे जी दरड धरून ठेवली होती, ती कुजक्या मुळांना धरवेना. धडधडत दगडमाती खाली आली. जीव कोणाचा गेला नाही, पण झरा त्या ढिगाऱ्याखाली गाडला गेला. मुंगीलाही ओठ ओले करता येईनात.

दोन दिवस सिंहाने कळ काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो मंत्र्यांना घेऊन दरीत उतरला. मागोमाग गवे, कासव आणि सारे जंगल पाणवठ्याच्या काठावर जमले. पाण्यात मध्यभागी काहीतरी लांबट, खडबडीत, काळपट निवांत पडले होते.

राजाच्या आधी त्या खात्याच्या मंत्र्याने पाणी चाखायचे, असा दंडक होता. सिंह म्हणाला, "चला, मंत्री."

कोल्हा जागचा हलला नाही.

"ओंडकाच आहे ना तो?" सिंहाने विचारले.

कोल्ह्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. त्याचे भाचे केव्हाच पसार झाले होते. त्याच्या घशाला कोरड पडली होती आणि पाणी चार पावलांवर होते. तो पुटपुटला, "महाराज, ती मगर आहे."

तेवढ्यात गर्दीतून हरिणी पुढे आली. तिचे पाय आज लटपटत नव्हते. "अध्यक्ष महाराज," ती कासवाला म्हणाली, "पाणवठ्यात मगर आहे, हे खरे आहे काय?"

कासवाने मान आत घ्यायला हवी होती, सवयीप्रमाणे. पण तहानेने त्याचा जीव कासावीस झाला होता आणि त्याची मान पाण्याच्या दिशेने तशीच ताणलेली राहिली. ते कोल्ह्याला म्हणाले, "उत्तर द्या."

"खरे आहे," कोल्हा म्हणाला.

"मग पुढचा प्रश्न उद्भवतो," हरिणी म्हणाली. "माझं पाडस कुठे आहे?"

सिंहाने कोल्ह्याकडे पाहिले. कोल्ह्याने गव्यांकडे पाहिले. एकाही गव्याने खूर उचलला नाही.

तात्पर्य : प्रश्न सोलून टाकला म्हणून पाण्यातली मगर ओंडका होत नाही, आणि सोलायला लावणाऱ्यालाही एक दिवस तहान लागते, तेव्हा त्याच पाण्यावर यावे लागते.