अश्मवतीचा कुशलघोष

त्रेतायुगाचा तिसरा चरण सरत आला होता. देव अजूनही पृथ्वीवर येत असत, परंतु पूर्वीसारखे मुक्कामाला राहत नसत. त्या काळी कुमुद्वती नदीच्या उत्तरतीरी अश्मवती नावाची नगरी होती. तिचा तट काळ्या पाषाणाचा होता, तिची गोपुरे दुरूनच पांथस्थाच्या दृष्टीस पडत, आणि तिच्या मध्यभागी पद्मसर नावाचे सरोवर होते. त्याचे जल इतके निर्मळ होते, की तळाशी पडलेले कंकण काठावरून दिसे. सारी नगरी त्याच सरोवराचे पाणी पीत असे.

या नगरीला देवेंद्राचा वर होता. रोज सूर्योदयी राजघोषक पूर्वद्वाराच्या मनोऱ्यावर चढे आणि तीन वेळा पुकारी, "सर्व कुशल आहे!" या पुकाराला कुशलघोष म्हणत. जोवर हा घोष होईल, तोवर इंद्राची दृष्टी नगरीवरून ढळणार नाही, अशी सर्वांची श्रद्धा होती. घोष ऐकल्यावाचून कोणी चूल पेटवीत नसे, की नावाडी नाव सोडीत नसे. ज्या घोषकाकडून तो चुकेल त्याला देहान्त शासन सांगितले होते; परंतु कित्येक पिढ्यांत तसा प्रसंग आला नव्हता.

राजा धृतकीर्तीच्या काळी दीर्घस्वन हा घोषक होता. त्याचा स्वर नदीपलीकडच्या गोठ्यांतही ऐकू जाई. त्याच्या भार्येचे नाव उत्पला. कन्या शारिका चौदा वर्षांची होती, आणि ती इतकी हळू बोले, की उत्पला हसून म्हणे, "तुझ्या वाट्याचा आवाजसुद्धा तुझ्या तातांनीच घेतला गं!"

इकडे त्याच सुमारास मृत्यूची धाकटी कन्या शोषिणी ब्रह्मदेवापुढे हात जोडून उभी राहिली. तिचे ओठ भेगाळलेले होते आणि डोळे खोल गेलेले होते.

"पितामह, जन्मल्यापासून मी तहानलेली आहे," ती म्हणाली. "माझ्या भगिनींना आपण घरे दिलीत. मला कोठेच थारा नाही."

विधाता मग म्हणाला, "जा. परंतु ज्या नगरीत लोक पहिल्या दिवशीच तुझे नाव मोठ्याने घेतील, तेथे तीन दिवसांहून अधिक राहू नकोस. आणि जेथे तुला झाकून ठेवतील, तेथे तुझी तहान वाढत जाईल. ती मलाही आवरता येणार नाही."

शोषिणी पृथ्वीवर उतरली, आणि एका भर दुपारी पद्मसराच्या पायऱ्यांवर बसून ओंजळीने पाणी पिऊ लागली. काठावर कपडे धूत असलेल्या परटाने तिला पाहिले. त्याला वाटले, कोणी दूरची वाटसरू असेल. तो सायंकाळी तहान तहान करीत घरी गेला. तो घडाभर पाणी प्याला, त्याने दुसरा घडा मागितला, आणि सूर्योदयापूर्वी त्याचा प्राण गेला. त्याचे शरीर वाळक्या शेंगेसारखे झाले होते. त्याच दिवशी आणखी चौघे गेले.

राजवैद्याने राजाला एकान्ती सांगितले, "महाराज, हा शोष आहे. हा पसरतो. प्रजेला सांगावयास हवे."

धृतकीर्ती दुष्ट नव्हता. तो भ्यालेला होता. त्याने दीर्घस्वनाला बोलावले. "घोषका, एक दिवस जरी 'कुशल' हा शब्द चुकला, तरी इंद्र या नगरीकडे पाठ फिरवील. मग पाच नव्हे, पाच सहस्र जातील. घोष चालू ठेव. घोष आहे तोवर आपण आहोत."

दीर्घस्वनालाही तसेच वाटत होते. दुसऱ्या दिवशी तो मनोऱ्यावर चढला आणि नेहमीपेक्षा मोठ्याने पुकारला, "सर्व कुशल आहे!"

शोषिणीने पाणी पिता पिता मान वर करून ऐकले, आणि तिची तहान दुप्पट झाली.

यानंतरचे दिवस सांगवत नाहीत. लोकांनी आपापले मृत गुपचूप मागच्या दाराने नदीकडे नेले. कारण ज्या नगरीत सर्व कुशल आहे, तेथे केवळ आपल्याच घरी मृत्यू यावा, याची त्यांना लाज वाटे. प्रत्येकाला वाटे, आपलेच काही पाप असेल. भद्रिका कुंभारणीच्या आळीत एकाच सकाळी तीन घरांची दारे उघडली नाहीत, तरी त्या आळीतल्या बायका एकमेकींना पाहून म्हणत, "बरं आहे ना?" आणि उत्तर येई, "बरंच आहे." एखादे मूल दुसऱ्यांदा पाणी मागू लागले, तर आई त्याच्या तोंडाकडे पाहत राही, आणि घडा तिच्याने उचलवत नसे.

सोळाव्या दिवशी उत्पलेने दुसऱ्यांदा पाणी मागितले.

शारिका रात्रंदिवस तिच्या उशाशी बसली. अठराव्या दिवशी पहाटे दीर्घस्वन उंबरठ्यात थबकला. त्याने पत्नीकडे पाहिले, कन्येकडे पाहिले, आणि खाली मान घालून तो मनोऱ्याकडे गेला. थोड्याच वेळात छपरे दणाणून टाकणारा तो ओळखीचा स्वर आला, "सर्व कुशल आहे!"

उत्पलेने कष्टाने डोळे उघडले. "ऐकलंस ना शारिके?" ती कोरड्या ओठांनी हसली. "आपण कुशल आहोत." तिसरा पुकार पुरा होण्याआधी ती गेली.

शारिका रडली नाही. ती उठली, आणि कोणालाही न विचारता तटाबाहेर, कृष्णगिरीच्या पायथ्याशी गेली. तेथे तृणाशन मुनींचा आश्रम होता. वेळूंच्या जाळ्यांत दडलेल्या त्या पर्णकुटीभोवती हरिणे निःशंक बसत, आणि झऱ्याच्या काठी निंब, गुळवेल आणि अनेक अनामिक वनस्पती दाटीने वाढत. मुनी जरठ होते, तिरसट होते, आणि राजसभेत जाण्याचा त्यांना कंटाळा होता.

शारिकेने सर्व सांगितले. मुनी म्हणाले, "मोठ्याने बोल, कन्ये. मी वृद्ध आहे."

तिने पुन्हा सांगितले.

मुनी काठी घेऊन उठले. "अठरा दिवस! आणि तुमचा राजा काय करीत होता?"

"कुशलघोष करवीत होता, मुनिवर."

"कोण चालत होते?"

"चालत?" शारिकेला कळले नाही.

"अगं, वर काय होता ते तरी ठाऊक आहे का तुम्हांला? तुझ्या तातांचे पूर्वज पहाटे साऱ्या आळ्यांतून चालत जात. प्रत्येक दारी विचारीत, 'कुशल आहे ना?' सर्व दारांतून होकार आला, तरच मनोऱ्यावर चढत. नाही आला, तर कोणते दार दुःखी आहे ते पुकारीत, म्हणजे नगरी तिकडे धावे. इंद्राची दृष्टी म्हणजे ते चालणे होते. पुढच्यांनी चालणे सोडले आणि ओरडणे ठेवले. पायांना विश्रांती, गळ्याला व्यायाम!"

त्याच दिवशी मुनींनी राजाला गाठले. "राजन्, पद्मसर आता शोषिणीचे आहे. कोणी त्याचे पाणी पिऊ नये, त्यात उतरू नये. कृष्णगिरीच्या झऱ्याचे पाणी उकळून, त्यात निंब आणि गुळवेल घालून प्यावे. अकरा दिवस घराबाहेर पडू नये. आणि उद्या तुमचे पद्मपर्व आहे. सारी नगरी स्नानाला त्या पाण्यात उतरली, तर परवा अश्मवतीत दिवा लावायला कोणी उरणार नाही."

राजाच्या अंतःपुरातही त्या दिवशी शोषाने प्रवेश केला होता. त्याने तत्काळ आज्ञा दिली, आणि दीर्घस्वनाने भर दुपारी चौकाचौकांत ती पुकारली. लोक जमले. लोकांनी ऐकले. आणि लोक हसू लागले.

"का हो घोषक," एक तेली म्हणाला, "सकाळी तर सर्व कुशल होते. दुपारपर्यंत सरोवर नासले काय?"

"पर्वाच्या स्नानाला राजस्त्रियांना गर्दी नको असेल," दुसरा म्हणाला.

"आणि काढा कसला? माझ्या मेहुण्याने तो कडू पाला काल चावला आणि रात्री मेला!"

"तो आधीपासूनच आजारी होता ना?" शारिका म्हणाली; परंतु तिचे बोलणे तिच्या शेजारी उभ्या असलेल्या भद्रिकेवाचून कोणाला ऐकू गेले नाही.

भद्रिकेने तिच्याकडे पाहिले. "मुली, तुझा बाप राजाचे खातो. सकाळी त्याने खोटे सांगितले की आता? एवढेच सांग."

शारिकेने मागे वळून पाहिले. बाप तेथेच उभा होता.

घरी आल्यावर, आई गेल्यापासून प्रथमच, ती त्याच्याशी बोलली. "तात, उद्या लोक पाण्यात उतरतील."

"मी सांगितले त्यांना. आणखी काय करू?"

"आजवर खोटे बोललात हे सांगितले नाहीत. आई गेली हेही नाही."

दीर्घस्वन भिंतीला टेकून खाली बसला. "मनोऱ्यावरून 'कुशल नाही' म्हणणाऱ्याला देहान्त आहे, बाळे. आणि समज, मुनी चुकले असले तर? माझ्या एका शब्दाने इंद्राने पाठ फिरवली तर? मला भय वाटते."

"मलाही वाटते," शारिका म्हणाली. तिला आता एकच माणूस उरला होता, आणि त्यालाच ती मृत्यूकडे जायला सांगत होती. हे तिला कळत होते. तिने त्याचे पाय धरले, आणि ते सोडावेत की अधिक घट्ट धरावेत, हे तिला उमगेना.

पद्मपर्वाचा सूर्य उगवला. सरोवराच्या चारही बाजूंच्या पायऱ्यांवर सारी नगरी नवी वस्त्रे नेसून उभी होती. दीर्घस्वन मनोऱ्यावर चढला. लोक वर पाहू लागले.

"कुशल नाही!"

एक मोठा निःश्वास पायऱ्यांवरून फिरला.

"कुशल नाही! माझी उत्पला काल गेली. ती शोषाने गेली. ती मरत होती तेव्हा मी याच जागेवरून सर्व कुशल आहे असे पुकारत होतो. मी अठरा दिवस असत्य बोललो. भद्रिकेच्या आळीत तीन दारे उघडली नाहीत. परटाचे घर रिकामे आहे. ज्यांच्या घरी मृत्यू आला, ते एकटे नाहीत. या पाण्यात शोषिणी आहे. उतरू नका!"

राजाचे सैनिक मनोऱ्याकडे धावले. परंतु राजाने, कोण जाणे कशामुळे, हात वर करून त्यांना थांबविले.

पायऱ्यांवर कोणी हलेना. प्रत्येकजण शेजाऱ्याकडे पाहत होता. मग भद्रिका ओरडली, "माझी सासू गेली हो! पाचव्या दिवशी गेली, मी सांगितलं नाही!" आणि ती वळून पायऱ्या चढू लागली. तिच्या मागे तिची आळी वळली, मग कोष्टी, मग नावाडी. "माझा भाऊ!" "माझी लेक!" असे आवाज चहूकडून उठू लागले.

परंतु दक्षिणेच्या पायऱ्यांवरून तेली मोठ्याने म्हणाला, "काल कुशल, आज अकुशल, उद्या आणखी काही सांगेल!" आणि त्याने पाण्यात पाय टाकला. त्याच्याकडे पाहणारे तीनशे जण त्याच्यामागे उतरले.

सरोवराच्या मध्यभागी जल ओसरले, आणि त्यातून ती वर आली. तिची जटा वाळक्या शेवाळाची होती. तिचा देह मनोऱ्याएवढा वाढला होता. जे पाण्यात होते त्यांनी किंकाळी फोडली, आणि ती किंकाळी अर्ध्यातच कोरडी झाली. काठावरच्यांनी डोळे मिटून घेतले.

शारिका मनोऱ्याच्या पायथ्याशी उभी होती. भीतीने तिला पळताही येईना. मुनींनी तिला विधात्याची तीन दिवसांची अट सांगितली होती. "शोषिणी," ती म्हणाली, "आम्ही तुझे नाव घेतले आहे. आता तीन दिवसांत तू गेले पाहिजेस."

"ते पहिल्या दिवशी घ्यायचे होते, मुली," शोषिणी म्हणाली. "तरी मी जाईन, कारण आता येथे मला कोणी झाकणार नाही, आणि उघड्यावर माझी तहान मरते. परंतु या कंठाने मला अठरा दिवस पोसले. तो माझा आहे."

तिने हात लांबविला आणि मनोऱ्यावरच्या दीर्घस्वनाच्या गळ्याला एक बोट लावले. शारिका किंचाळली. तिचा बाप दोन्ही हात गळ्याशी नेऊन खाली बसला. त्याने कन्येला हाक मारण्यासाठी तोंड उघडले, परंतु हाक आली नाही. तो जिवंत होता, आणि पुन्हा कधी बोलला नाही.

मग शोषिणीने साऱ्या नगरीकडे वळून शापवाणी उच्चारली, "तुमच्या राजांचा शब्द आजपर्यंत उंचावरून थेट तुमच्या हृदयात उतरत असे. यापुढे तो केवळ कानापर्यंत येईल. तेथून पुढची वाट त्याला पायी चालावी लागेल. माझ्या कुळातील जी जी पृथ्वीवर येईल, तिला तुम्ही अशाच विलंबाने ओळखाल."

एवढे बोलून ती दक्षिण दिशेला गेली. अश्मवती वाचली, परंतु निम्मीच.

दीर्घस्वन आणि शारिका त्यानंतर रोज पहाटे आळ्यांतून चालू लागली. कित्येक घरांनी दारे उघडली, कित्येकांनी कधीच उघडली नाहीत. तो शाप मात्र कोणत्याही तपाने फिटला नाही. म्हणून महामारी आली आणि राजाची आज्ञा झाली, की मनुष्य ती ऐकतो आणि आधी शेजाऱ्याच्या दाराकडे पाहतो, तो काय करतो आहे. आणि तोच शेजारी, त्याच क्षणी, आपल्या दारातून त्याच्याकडे पाहत असतो.