ठकूचा फणस

निवेघरच्या राईत शिरलं की दोन माडांमध्ये आठ पावलं मोकळी दिसतात. मधल्या पट्ट्यात पोफळी, त्यांच्यावर चढलेली मिरवेल, आणि फणस मात्र सगळे दगडी गडग्याच्या कडेला. असं का, म्हणून कुणी पाहुण्याने विचारलं की देवळातले म्हातारे जिवबा गुरव पायरीवर बसवून घेतात आणि आवडूची हकिगत सांगतात.

फार मागे गावात पटकीची साथ आली. सतरा लेकरं गेली. जिचं मूल गेलं तिने त्याच्या नावाने इथे एक झाड लावलं, एकमेकांना खेटून. जिवंतपणी पोरं अशीच गळ्यात गळे घालून हिंडायची, म्हणे. या झाडांना कधी कोयता लावायचा नाही, अशी शपथ सगळ्यांनी देवीपुढे घेतली.

आवडूने ठकूच्या नावाने फणस लावला, कारण लेकीला गरे फार आवडायचे. सात वर्षांत तो असा फोफावला, की आवडू त्याच्या खोडाला गाल लावून बसायची. तेवढ्यानेच तिला जरा बरं वाटायचं.

शेजारीण माणकी आपल्या मुलाच्या माडाला रोज कळशीभर पाणी घालायची. माड पिवळा पडून वाकला होता.

एक दिवस आवडू म्हणाली, "पाणी पुष्कळ झालं गं. उजेड मिळत नाही त्याला."

माणकी खालीच बघत राहिली. "ठाऊक आहे. पण उजेड तुझ्या ठकूने अडवलाय. कुठल्या तोंडाने सांगू तुला?"

आवडूने वर पाहिलं. फणसाच्या दाट सावलीत चार झाडं खंगत होती. तिला दोन दिवस अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ती देवीपुढे उभी राहिली. "शपथ मी मोडते. कोपायचं तर माझ्यावर कोप." नवऱ्याचा हात उठेना, म्हणून पहिला घाव तिनेच घातला.

देवी कोपली नाही. पावसाळा सरला तसा माणकीच्या माडाने हिरवा कोंब काढला. मग एकेकीने येऊन आपण होऊन झाडं विरळ केली. कोणाला ऊन लागतं, कोणाला सावली मानवते, हे बघून आवडूने पावलं टाकत नव्या रोपांच्या जागा आखून दिल्या.

फणसाचं लाकूड तिने चुलीत जाऊ दिलं नाही. सुताराकडून त्याचा पाळणा करून घेतला आणि देवळात ठेवला.

आजही निवेघरात कुणाच्याही घरी मूल जन्मलं, की बारशाला पाळणा देवळातूनच येतो. आणि पहिला झोका, असं सांगतात, आईने नव्हे, शेजारणीने द्यायचा असतो.