बाटलीभर पेट्रोल

“अहो बुवा, विचारा तरी... किती देते ते?”

रेवणबुवा खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी मान वळवली.

“काय देते?”

“अ‍ॅव्हरेज! एका लिटरला किती किलोमीटर!”

“किती?”

यशोधन गुर्जर मठातून निघाल्यापासून याच प्रश्नाची वाट पाहत होता.

“ही चारही चाकं ओढणारी गाडी आहे, बुवा. दिसायला लहान, पण वजन केवढं! असल्या गाड्या पेट्रोल पितात नुसत्या. कंपनी सांगते चौदा. लोकांना मिळतात अकरा. मी काढतो अठरा.”

“बरं,” बुवा म्हणाले, आणि पुन्हा बाहेर पाहू लागले.

यशोधन खट्टू झाला. पुण्याच्या एका कारखान्यात तो इंजिनं तपासायचा. तिथले लोक हा आकडा ऐकून उठून उभे राहत.

बरीच वर्षं तो बुवांकडे येत होता. आजही सकाळी मठात बसला होता, तेवढ्यात खिरवलीहून निरोप आला. बुवांची धाकटी बहीण भागू अंथरुणाला खिळली होती. आता फार वेळ नव्हता. ‘दादाला बघायचंय’ एवढंच ती म्हणत होती.

आईबाप लवकर गेले, तेव्हा भागूला बुवांनीच कडेवर वाढवलं होतं.

खिरवलीची एस.टी. निघून गेली होती. यशोधन चटकन उठला. “मी नेतो. जेवायच्या आत पोचवतो तुम्हाला.”

बुवांनी काठी घेतली आणि गाडीत येऊन बसले.

वाटेत यशोधन बोलतच होता. वजन नको म्हणून स्टेपनी घरी काढून ठेवली होती. ए.सी. लावायचा नाही. पुढचं वळण आधीच ओळखायचं, म्हणजे ब्रेक लागत नाही.

“ब्रेक मारला की समजायचं, तेवढं पेट्रोल फुकट गेलं. मी गाडी पायानं चालवत नाही, बुवा. डोक्यानं चालवतो.”

तिठ्यावर पेट्रोल पंप आला. पेट्रोलच्या काट्याशेजारी पिवळा दिवा लागला होता.

“इथं थांबायचं का?” बुवांनी विचारलं.

“गरज नाही. खिरवली गाठून वर थोडं उरेल. बघाच तुम्ही.”

पुढे नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद होता. बाण डावीकडे दाखवत होता, घाटाकडे. लांबचा वळसा.

यशोधननं क्षणभर मागं पाहिलं. पंप फार लांब राहिला नव्हता. पण मागं वळलं असतं, तर ‘गरज नाही’ हा शब्द खोटा ठरला असता.

त्यानं गाडी घाटाला लावली.

खिंड दिसू लागली आणि गाडीनं आचके दिले. मग ती थांबली. मोबाइलला रेंज नव्हती. खाली दरी, वर वाळलेलं गवत, आणि टळटळीत ऊन.

यशोधननं चाकामागं धोंडा लावला. मग तो मागं गेला आणि सगळा जोर लावून ढकलू लागला.

गाडी हलली नाही.

दूध घालून परत निघालेला एक गवळी मोटारसायकलवरून आला. बाबू झोरे. काही न विचारता त्यानं मोटारसायकल बाजूला लावली आणि खांदा दिला. दोघांनी मिळून ढकललं. गाडी वीतभर चढली, आणि पुन्हा धोंड्यावर येऊन बसली.

बुवा खाली उतरले. काठी ठेवून तेही मागं आले, आणि आपले वाळके हात त्यांनी काचेवर टेकवले.

“नको, बुवा... तुम्ही नको!”

“ढकल,” बुवा म्हणाले.

तिघांनी ढकललं. यशोधनच्या पोटऱ्या थरथरू लागल्या, डोळ्यांपुढं अंधारी आली. गाडी तिथंच.

तो मटकन रस्त्यावर बसला. “माझ्यामुळे... भागूआत्या वाट बघत असतील, आणि मी...”

बुवा खिंडीकडे पाहत होते.

बाबूनं गाडीतली पाण्याची बाटली मागितली. पाणी बुवांना प्यायला दिलं, बाटली उन्हात धरून वाळवली, मोटारसायकलची पेट्रोलची नळी काढली आणि बाटली भरली.

“खिंड वलांडली की पल्याड उतारच हाय. येवढ्यात जाशीला.”

“आणि तुम्ही?”

“माजं घर खालीच हाय की. जातो घरंगळत.” आणि तो गेलासुद्धा.

यशोधन बाटली हातात धरून उभा राहिला. एका हातात मावली होती. किती हलकी होती...

त्यानं ती टाकीत ओतली. बटण दाबलं. इंजिन दोनदा अडखळलं आणि सुरू झालं.

गाडी चढू लागली.

ज्या चढावर तीन माणसांना वीतभर जमलं नव्हतं, तो चढ ती कुरकुर न करता चढत होती. चारही चाकं मातीला धरून होती. एवढं लोखंड, एवढी काच, आत दोन माणसं... एक वळण गेलं. दुसरं गेलं. यशोधनचे ढकलून लाल झालेले तळवे स्टिअरिंगवर होते आणि त्याच्या अंगावर काटा आला होता.

असे कित्येक घाट तो चढला होता. चढतं कोण, ते आज पहिल्यांदा कळत होतं.

“हे कशाचं असतं रे?” बुवांनी विचारलं.

“पेट्रोल? जमिनीखालच्या तेलाचं.”

“आणि ते तेल?”

“समुद्रातल्या... बारीक जिवांचं. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. उन्हावर जगायचे. मेले की तळाशी साचायचे. वर गाळ, त्यावर गाळ... मग दाब, उष्णता...”

कॉलेजात हे त्यानं परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आज बोलता बोलता आवाज खाली गेला.

“कधीची गोष्ट?”

“कोट्यवधी वर्षांपूर्वीची. माणूस नव्हता तेव्हाची.”

“म्हणजे ऊनच की.”

“...हो. तेव्हाचं ऊन.”

खिंड आली. पलीकडे खाली खिरवलीची कौलं दिसली.

भागू पडवीत अंथरुणावर होती. पावलं ऐकून तिनं डोळे उघडले.

“दादा... उशीर केलास.”

“हो गं.”

“चालत आलास?”

“नाही,” बुवा म्हणाले. “आणलं मला.”

ती हसली. तिनं हात उचलून त्यांच्या दाढीला लावला, आणि तो तसाच राहिला. बुवांनी तो धरून ठेवला.

यशोधन अंगणात पाठमोरा उभा होता. आपण एका बाटलीनं वाचलो, एवढंच त्याच्या मनात येत होतं. मावळतीच्या आत भागू गेली. शेवटपर्यंत तिचा हात भावाच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. बुवांच्या भाच्यानं तालुक्याहून कॅनमधून पेट्रोल आणून टाकीत ओतलं. लोकांचा निरोप घेऊन बुवा गाडीत बसले.

यशोधनही बसला. पट्टा लावला. बोट बटणाकडे गेलं... आणि थांबलं.

त्यानं पुन्हा हात पुढे केला. पुन्हा मागं घेतला.

“काय झालं?” बुवांनी विचारलं.

“बुवा... रोज दाबतो हे बटण. आज हात होत नाही. कसं दाबू?”

बुवांनी डोळे मिटले.

“आधी पायातलं काढ.”